लाल दुलईचे चार कोपरे

"पुन्हा ठेवून बघा," तेस्सा म्हणाली.

फलाटाच्या दारावरच्या मुलीने पासपोर्ट पुन्हा यंत्रावर ठेवला. यंत्र गप्प राहिलं. मागे रांग वळणावळणाने थेट खाऊच्या दुकानांपर्यंत गेली होती. ऑक्टोबरच्या सुट्टीचा पहिला दिवस होता. अर्धं चेंगडू शहर आपापल्या गावी निघालं होतं, कुणाच्या हातात दारूचे खोके, कुणाच्या कडेवर झोपलेलं मूल.

"या नंबरवर तिकीट नाही," मुलगी म्हणाली. "बाजूला व्हा. पुढचे या."

"कसं नाही? पंधरा दिवसांपूर्वी काढलंय, विक्री उघडली त्याच मिनिटाला. हे बघा, ओरिसा डनब्रुक, खिडकीजवळची जागा."

"असेल. पण या पासपोर्टवर डनब्रुक नाही. कोवालचुक आहे. नंबरही वेगळा आहे."

तेस्साने पासपोर्ट हातात घेतला. निळं कव्हर कोरं करकरीत, आतला फोटो उन्हाळ्यातला. आईने केस कापलेले. आणि फोटोशेजारी आईच्या वडिलांचं आडनाव. कॅनडातल्या यॉर्कटनच्या उत्तरेला, गव्हाच्या शेतांमधल्या कब्रस्तानात अकरा दगडांवर कोरलेलं आडनाव. तेस्साने तिकीट काढलं होतं ते फोनमध्ये तीन वर्षं पडून असलेल्या जुन्या पासपोर्टच्या फोटोवरून. नवा आलाय हे आईने सांगितलंच नव्हतं.

"आई, हे काय आहे?"

"पासपोर्ट. नवा."

"नाव?"

"माझंच आहे. जन्मापासूनचं."

"आणि बाबांचं?"

"ते बाबांकडे आहे," ओरिसा म्हणाली आणि बॅग या हातातून त्या हातात घेतली.

तेस्साच्या होणाऱ्या नवऱ्याला, यीशानला, इंग्रजी चांगलं येत होतं, पण ही माय-लेक बोलायला लागली की त्याला वाक्यं कळायची, मधली गाळलेली वाक्यं कळायची नाहीत. तो एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत राहिला. गाडी सुटायला अकरा मिनिटं होती.

"फेब्रुवारीत सह्या झाल्या," ओरिसा म्हणाली. "तुझं लग्न होऊन गेलं की सांगणार होते. इथली बोलणी बिघडू नयेत म्हणून."

"म्हणजे बाबा आले नाहीत ते गुडघ्याचं ऑपरेशन..."

"गुडघा खरा आहे. ऑपरेशनचं निमित्त मायरनने सुचवलं."

"मायरनला माहीत आहे?"

"त्याच्याच ट्रकमधून सामान नेलं, बाळा. भाऊ आहे तुझा, रागावू नकोस त्याच्यावर. पाठ धरली होती बिचाऱ्याची."

तेस्सा यीशानकडे वळली. "तू परवा हिला परदेशी पाहुण्यांच्या नोंदणीला पोलीस चौकीत घेऊन गेलास. अर्ज तूच भरलास ना?"

"हो. तुझा वर्ग होता."

"नाव पाहिलंस?"

"पाहिल्याशिवाय कसं लिहीन?"

"आणि तुला काहीच वाटलं नाही?"

"काय वाटायचं?" यीशान खरोखरच गोंधळला. "माझी आई लुओ, बाबा तान. आजी फंग होती. बायकांना आपापलं माहेरचं नाव असतंच. मावशी कोवालचुक आहेत एवढंच कळलं. म्हटलं, छान, आज मावशींचं पूर्ण नाव कळलं."

"आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव लावतात! सात वर्षं झाली तुला माझ्याबरोबर!"

"सात वर्षांत हे कधी निघालं नाही," यीशान म्हणाला. ते खरं होतं. म्हणूनच तेस्सा जास्त चिडली.

गाडी गेली. त्यांच्या तीन रिकाम्या जागा घेऊन गेली.

खिडकीवर दीड तास उभं राहिल्यावर साध्या हिरव्या गाडीची उभ्याची तिकिटं मिळाली. दोन तासांचा प्रवास साडेपाच तासांचा झाला. यीशानने स्टेशनबाहेरून घडीची तीन स्टुलं आणली, आणि दोन डब्यांच्या सांध्यावर, उकळत्या पाण्याच्या नळाशेजारी ते तिघे बसले. माणसं शेवयांचे डबे घेऊन यायची, पाणी भरायची, वाफ तिघांच्या तोंडावर सोडून जायची.

पहिला तास तेस्सा बोलली नाही. यीशान सूर्यफुलाच्या बिया सोलत राहिला. त्याला घरी वाट बघणाऱ्या आपल्या आईचं तोंड डोळ्यांपुढे दिसत होतं.

त्याच्या आईने, लुओ शिऊझेनने, तीन वर्षं या लग्नाला होकार दिला नव्हता. नाहीही म्हटलं नव्हतं. विषय निघाला की ती कोंबड्यांना दाणे टाकायला उठायची. दिवसातून सहा वेळा खाऊन कोंबड्या लठ्ठ झाल्या होत्या. मग गेल्या वसंतात तिने सहज विचारलं, "मुलीची आई कशी आहे?" यीशानने सांगितलं, नवरा आहे, एक मुलगा, एक मुलगी, मुलाकडून एक नातू. शिऊझेनच्या हातातली पाखडायची सुपली थांबली. म्हणजे पूर्ण नशिबाची बाई! लग्नाच्या दुलया शिवायला गावात अशीच बाई लागते, जिचा जोडीदार आहे, मुलगा आहे, मुलगी आहे, काही तुटलेलं नाही. आणि इथे तर प्रत्यक्ष विहीणच तशी. शिऊझेनने त्याच आठवड्यात दहा शेर कापूस पिंजायला टाकला आणि नदीच्या दोन्ही काठांवर सांगून आली.

"मावशी," यीशान शेवटी म्हणाला, "दुलईचं तुम्हाला तेस्साने सांगितलंय?"

"तुझ्या आईबरोबर बसून शिवायचंय एवढं सांगितलं. मी माझं अंगुस्तान आणलंय." ओरिसा चर्चच्या तळघरात तीस वर्षं गोधड्या शिवत आली होती. चीनला जायचं म्हटल्यावर तिने आधी सुया बांधल्या होत्या, मग कपडे.

"का शिवायचंय ते?"

"का म्हणजे? लग्न आहे म्हणून."

यीशानने तेस्साकडे पाहिलं. तेस्साने बाहेर पाहिलं. मग त्यानेच सांगितलं, काही न सजवता. ओरिसाने सगळं ऐकून घेतलं. एका बोगद्यात गाडी शिरली, निघाली, पुन्हा शिरली. या मार्गावर डोंगर फार.

"म्हणजे मला बोलावलंय ते माझा नवरा आहे म्हणून," ती म्हणाली.

"तसं नाही," तेस्सा पहिल्यांदा बोलली. "पण आता काही बदलायचं नाही. ती चार टाके घालायला सांगेल, तू घाल. एका सकाळचं काम आहे. बाबांचा गुडघा दुखतो, ते कॅनडात आहेत, यातलं काहीच खोटं नाही."

"तू तर मायरनपेक्षा पक्की निघालीस."

"तू मला आठ महिने फसवलंस! मी तुला एक सकाळ मागतेय!"

पाणी भरायला आलेला म्हातारा दचकून मागे सरला. यीशानने त्याला बिया देऊ केल्या.

"यीशान, तुला काय वाटतं?" ओरिसाने विचारलं.

"मला आईशी खोटं बोलता येत नाही. लहानपणापासून माझे कान लाल होतात."

"तुला बोलायचंच नाहीये," तेस्सा म्हणाली. "तू बागेत जा, किवी तोड. दुभाषी मी आहे."

थोड्या वेळाने तिने हळू आवाजात विचारलं, "बाबांनी काही केलं का, आई?"

"नाही गं. काहीच केलं नाही. शेत होतं तेव्हा तुझ्या बाबांच्या आणि माझ्यामध्ये दिवसभर एक मैल गहू असायचा. निभलं. शेत विकून गावातल्या घरात आलो, तिथे दोन खोल्या. मी बोलायला लागले की ऑर्विल रेडिओ मोठा करायचा. आधीही करत असेल, पण तेव्हा मी अंगणात असायचे. एक दिवस मी सूप ढवळत होते आणि माझ्या लक्षात आलं की मी सुपाशी बोलतेय."

तेस्साला हसू आलं, मग ते गेलं. यीशानला वाटलं, ही आता आईचा हात धरेल. तिने धरला नाही. स्टूल मात्र थोडं पुढे सरकवलं, वाफ आईच्या तोंडावर येत होती तिथे स्वतः बसली.

गावात पोचेपर्यंत जेवणाची वेळ टळून गेली होती. दुपारपासून तीनदा गरम केलेलं धुरावलेलं मांस, मिरचीत बुडालेला मासा, भोपळा, शेंगा. यीशानचे वडील, तान देहुई, गुडघ्याची चौकशी करून गप्प बसले. ते मुळातच गप्प बसणारे. रिकामी एक खुर्ची त्यांनी तशीच मांडून ठेवली होती, व्याह्यांच्या मानाची. ओरिसा जेवताना त्या खुर्चीकडे पाहत नव्हती. शिऊझेन तिच्या वाडग्यात वाढत राहिली, "विहीणबाई, हे घ्या, विहीणबाई, तेही घ्या", आणि तेस्सा प्रत्येक वाक्याला पटकन उत्तर देत राहिली, कधीकधी आईने तोंड उघडायच्या आधीच.

सकाळी अंगणात चटई पडली. चटईवर पांढरं अस्तर, त्यावर जाळीत बांधलेला कापूस, पावाच्या पिठासारखा फुगलेला, आणि वर लाल सॅटिन. इतकं लाल की अंगणातल्या कोंबड्याही लांबून पाहत होत्या. देहुई आणि यीशान बागेत गेले होते. पेट्या भरायचा हंगाम होता.

कडेने अस्तर दुमडून लाल कापडावर आणायचं, कोपऱ्यावर त्रिकोणी घडी घालायची आणि लांब टाक्यांनी शिवत जायचं. ओरिसाला एकदा पाहून कळलं. तिने अंगुस्तान घातलं, लाल धागा ओवला आणि सवयीने टोकाला गाठ मारली. शिऊझेनने ती गाठ नखाने लगेच सोडवली.

"गाठ नको, म्हणते ती," तेस्सा म्हणाली. "लग्नाच्या दुलईला धागा मोकळा हवा. आणि आधी कोपऱ्यातच. पूर्वेच्या."

ओरिसाने टाका घातला. दुसरा घातला. कापूस सुईखाली श्वास सोडावा तसा दबला. चांगला कापूस होता. असा कापूस हाताला लागल्यावर माणसाला खोटं बोलावंसं वाटत नाही, किंवा ओरिसाला तरी वाटेना. समोरची बाई मांडी घालून बसली होती, कडांवर तांबूस भेगा पडलेली तिची बोटं कापडाची घडी धरून होती. ती या घडीवर आपल्या मुलाचं सगळं आयुष्य ठेवत होती.

ओरिसाने सुई थांबवली.

"तेस्सा, तिला सांग. मी हे कोपरे शिवायला योग्य बाई नाही. माझं लग्न फेब्रुवारीत मोडलं. मी आपल्या मर्जीने मोडलं. कुणाचं वाईट व्हावं म्हणून लपवलं नव्हतं, पण लपवलं होतं हे खरं. आता तिने ठरवावं."

तेस्साने थांबलेल्या सुईकडे पाहिलं. मग ती शिऊझेनकडे पाहून गोड हसली आणि चारपाच शब्द बोलली. शिऊझेनने खूश होऊन मान हलवली आणि कापसावर थाप मारली.

"काय सांगितलंस?"

"तेच."

"तेवढंच? माझं बोलणं लांब होतं. आणि नवरा सोडला म्हटल्यावर ती कापूस का थोपटतेय?"

तेस्साने कोंबड्यांकडे पाहिलं.

"बाळा, काय सांगितलंस?"

"तू म्हणतेस, कापूस चांगला आहे." तिचे डोळे भरले. "तीन वर्षं, आई. तीन वर्षं ती माझ्याशी धड बोलली नाही. काल तिने पहिल्यांदा माझ्या वाडग्यात मासा वाढला, डोळ्याशेजारचा, मानाचा तुकडा. तू निघून जाशील. मला इथे राहायचंय."

"म्हणून तर," ओरिसा म्हणाली. "मी चाळीस वर्षं अशा संसारात राहिले, जिथे माझं बोलणं पोचत नव्हतं. तू सुरुवातच तशी करू नकोस. सांग."

शिऊझेन दोघींकडे पाहत होती. तिला परकी भाषा कळत नव्हती, पण मुलीचे डोळे कुठल्याही भाषेत भरले तरी कळत होतं. पोर आजारी आहे, पहिला विचार तिच्या मनात आला. दुसरा, पोर परत निघालीय. हा दुसरा विचार आला आणि शिऊझेनला आश्चर्य वाटलं, कारण पोरीने जाऊ नये असं तिला वाटलं होतं.

मग तेस्सा बोलली. अडखळत, पण सगळं. फेब्रुवारी, सह्या, नाव, गुडघ्याची बतावणी. आत्ता आपण कापसाबद्दल खोटं सांगितलं तेही.

शिऊझेनने हातातली कापडाची घडी सोडली.

"मारायचा?"

"नाही."

"दुसरी बाई?"

"नाही."

"मग?"

तेस्साने आईला विचारलं नाही. काल गाडीत ऐकलेलंच सांगितलं, रेडिओचं आणि सुपाचं. शिऊझेनने बागेच्या दिशेने पाहिलं. तिथून देहुईंच्या बोलण्याचा आवाज येत नव्हता, कधीच यायचा नाही.

"आमच्याकडे टीव्ही आहे," ती म्हणाली.

तेस्साने ते आईला सांगितलं. ओरिसा हसली नाही, फक्त मान हलवली, जशी एक शिवणारी दुसरीचा टाका पाहून हलवते.

मग शिऊझेनने पुढे होऊन ओरिसाच्या हातातली सुई काढून घेतली. घातलेले दोन टाके हळूच उसवले, आणि उठून कुंपणाच्या भिंतीपाशी गेली.

"फू वहिनी! अहो फू वहिनी! हातातलं ठेवा आणि या!"

तेस्सा उठून उभी राहिली. "मावशी, तुम्ही आईला चटईवरून उठवणार?"

"कुणी कुणाला उठवलं? बसू दे तिला."

फू वहिनी आल्या, हात पुसत. सत्तरीच्या, दात थोडे, मुलं पाच, नवरा अजून बकऱ्या चारणारा. चटईकडे पाहून त्यांनी भुवया वर केल्या. "का गं शिऊझेन? विहीणबाई शिवणार होत्या ना? अख्ख्या गावाला सांगत होतीस."

शिऊझेनने सुई फू वहिनींच्या हातात दिली.

"विहीणबाईंनी नवरा सोडलाय. कोपरे तुम्ही शिवा."

"असं होय," फू वहिनी म्हणाल्या, आणि ओरिसाकडे नीट निरखून पाहिलं. "चांगली धडधाकट दिसते की."

"मावशी, संध्याकाळपर्यंत गावभर होईल," तेस्सा हलकेच म्हणाली.

"होऊ दे. लपवलं तर गाव वर्षभर माझं तोंड वाचत बसेल. सांगितलं तर दोन दिवस बोलेल आणि किवी तोडायला जाईल. हंगाम आहे." तिच्या आवाजात कडवटपणा होता, आणि तो तिने लपवला नाही. नदीच्या दोन्ही काठांवर आपणच बढाई मारून आलो होतो, ती आता आपल्यालाच गिळायची होती. "मला राग आलाय, पोरी. सांग तुझ्या आईला. पण तिने सुई हातात असताना सांगितलं. शिवून झाल्यावर सांगितलं असतं तर मी दुलई जाळली असती."

तेस्साने सांगितलं. ओरिसा म्हणाली, "मीही जाळली असती." तेही तेस्साने सांगितलं.

फू वहिनी पूर्वेच्या कोपऱ्याशी बसल्या आणि शिवता शिवता म्हणू लागल्या, आवाज फाटका पण ताल पक्का:

"पहिला गं कोपरा, घर भरो धान्यानं,
दुसरा गं कोपरा, अंगण बोलण्यानं.
तिसरा गं कोपरा, पाय वळो घराकडे,
चौथा गं कोपरा, माया राहो दोहींकडे."

चार कोपरे झाले. फू वहिनींनी चहा घेतला, दोन किवी पदरात टाकावे तसे खिशात टाकले आणि बातमी गरम असेपर्यंत जायला हवं अशा घाईने गेल्या.

शिऊझेनने सुईत नवा धागा ओवला. गाठ मारली नाही. सुई तिने ओरिसापुढे धरली.

"काय म्हणते?" ओरिसाने विचारलं, कारण तेस्सा ऐकून नुसतीच उभी होती.

"म्हणते, कोपऱ्यांना नशीब लागतं, ते झालं. आता उरल्या चार लांब कडा. त्यांना नुसता हात लागतो. तुझा हात तिने दोन टाक्यांत पाहिलाय. एका बाजूने तू ये, दुसऱ्या बाजूने ती येईल."

ओरिसाने अंगुस्तान पुन्हा घातलं. दोघी समोरासमोरच्या कडांवर बसल्या. तेस्सा जवळ यायला लागली तशी शिऊझेनने तिला हाताने अडवलं. "नवरीने दुलईला हात लावायचा नाही. तिथे बस. तुझं काम तोंडाचं आहे." मग टाका घालत, वर न बघता, तिने विचारलं, "लग्नाला येईल का तो? मुलीचा बाप?"

ओरिसाने सुई कापडातून ओढून घेतली. "येईल. मुलीवर त्याचा जीव आहे. तिचं बोलणं तो ऐकतो."

"मग दोघांच्या खुर्च्या शेजारी मांडू की लांब? जमत नसेल तर आधी सांगा. आयत्या वेळी लोकांसमोर खुर्च्या ओढत बसणं मला आवडत नाही."

तेस्साने हे आईला सांगितलं. सांगताना एक शब्द गाळला नाही, एक घातला नाही.

ओरिसा विचार करत चार टाके पुढे गेली. "शेजारी मांडा. मुलीच्या लग्नात मी त्याच्या शेजारी बसेन, मला त्याचा राग नाही. पण जेवताना मला विहीणबाईंच्या शेजारी जागा द्या. तिथे बोलायला मिळेल."

तेस्साने तेही जसंच्या तसं सांगितलं. शिऊझेनने पहिल्यांदा सुई खाली ठेवली.

"माझी भाषा तरी येते का हिला?"

"नाही," तेस्सा म्हणाली.

"मग दुभाषी लागणार. म्हणजे नवरीला स्वतःच्या लग्नात जेवायला मिळायचं नाही." शिऊझेनने सुई उचलली. "लग्न वसंतात धरलं होतं मी मनात. नको. वसंतात बागेत फुलांचं काम असतं, तुझ्या बापाला कोण बघणार, तुझ्या आईला कोण बघणार. थंडीत धरू, नववर्षाच्या आधी. नाहीतरी दुलई वसंतात कुणाच्या कामाची?"

तेस्सा आईकडे वळली आणि तारखेपासून सांगायला लागली.